पातळ होत गेलेलं तेल

म्हसावदच्या हेमकांतकडे सायकलचा फोर्क घेऊन गेलं की तो आधी फोर्ककडे बघत नाही. आलेल्या माणसाला काट्यावर उभं करतो.

गॅरेजच्या दारामागे चपटा वजनकाटा आहे, दवाखान्यात असतो तसा. हेमकांत चपला काढायला लावतो. खिशातला मोबाइल, किल्ल्या, सगळं बाकावर ठेवायला सांगतो. मग स्वतः वाकून आकडा बघतो. तोंडी सांगितलेलं वजन तो ऐकून घेतो, पण धरत नाही.

मोलगीच्या आश्रमशाळेतले हिलाल सर सुट्टीला सायकलवर डोंगर हिंडतात. त्यांच्या फोर्कचं सील गेलं होतं, नळीवर तेलाचा ओघळ आला होता. या हिवाळ्यात ते म्हसावदला आले तेव्हा त्यांनाही काटा चुकला नाही.

"हेमकांतभाऊ, मी फोर्क दुरुस्त कराले उनू, सोयरीक जमाडाले नही."

"चढा, सर."

"सांगं ना, पंचाहत्तर शे."

"चढा."

काट्याने एक्क्याऐंशी दाखवलं.

"मन्ही बायकोले सांगू नको, भो. भाकर बंद करी टाकी ती."

हेमकांत हसला नाही. "मागला साले कितलं व्हतं?"

"कोन मोजस रे? मी काय कापूसनं पोतं शे?"

"चढनं का उतरनं?"

"चढनंच ना. पोट दख."

"चढनं ते ठीक शे," हेमकांत म्हणाला, आणि मग कुठे त्याने फोर्कला हात लावला.

फोर्क म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या, एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या. मोटारसायकलवर ज्याला शॉकप म्हणतात तेच, पण नाजूक. हेमकांत ज्या फोर्कवर हे काम शिकला त्याच्या एका पायात स्प्रिंग होती, दुसऱ्यात तेल. धक्का स्प्रिंग खाते. तेल तिला एकदम दबू देत नाही आणि दबली की एकदम उसळू देत नाही. ते बारीक भोकांतून ये-जा करतं. घट्ट असेल तर हळू, पातळ असेल तर लवकर. जड माणसाला घट्ट तेल लागतं, हलक्या माणसाला पातळ. म्हणून वजन विचारायचं. इतकं साधं आहे.

इतकं साधं असूनही हेमकांतने एका माणसाचं वजन एकदाच विचारलं. ती त्याची मुलगी होती. रोशनी हलकी होत गेली आणि तो तिच्या सायकलमधलं तेल पातळ करत गेला. आपण तेलाची चूक सुधारतो आहोत असं त्याला वाटत होतं. रोशनी आता नाही. ती गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा.

हेमकांतचं घर शेतीवालं, गुजर. केळी आणि कापूस मोठा भाऊ उमाकांत बघतो. हेमकांतला लहानपणापासून मातीपेक्षा तेलाचे हात बरे वाटत. गॅरेज टाकलं तेव्हा उमाकांत म्हणाला होता, "आपला घरना मानूस आते लोकेस्ना गाड्या धुई!" पण गॅरेज चाललं. इकडे मोटारसायकलवर तिघं बसतात आणि मागे चाऱ्याचा भारा असतो, म्हणून शॉकपमध्ये सगळे मेकॅनिक घट्ट तेल घालतात, कंपनीने सांगितलेल्यापेक्षा घट्ट आणि वर थोडं जास्त. त्याला कोणी चूक म्हणत नाही. गाडी खाली बसली नाही पाहिजे, एवढंच गिऱ्हाईक बघतं.

सायकल आली ती तोरणमाळहून. बदली होऊन जाताना एका वनाधिकाऱ्याने ती दुरुस्तीला टाकली आणि परत नेली नाही. जाड टायर, रुंद हँडल, मागची चकती वाकलेली. रोशनी तेव्हा अकरावीत होती. तिने ती आधी कॉलेजला नेली, मग शेताच्या बांधांवरून, मग एका रविवारी जीपच्या टपावर बांधून तोरणमाळला. डांबरी घाट सोडून जुनी पायवाट खाली येते, दगडांची, मुळांची, वरची माणसं बाजाराला उतरतात ती. रोशनी तिच्यावरून सायकलने उतरली.

चेतनाला, तिच्या आईला, ही वाट कधीच दाखवली गेली नाही. रोशनी घाटात सायकल चालवते एवढंच तिला माहीत होतं आणि तेवढंही तिला नको होतं. "लगीन जमाडतांना काय सांगू, पोर दगडेस्वरतून उडी मारस?" असं ती म्हणायची. त्या वाटेच्या पायथ्याशी हेमकांत मोटारसायकल घेऊन उभा राहायचा. वरून आधी दगडांचा आवाज यायचा, मग पोर.

पहिल्यांदा त्याने फोर्क उघडला तेव्हा सवयीने मोटारसायकलचं घट्ट तेल घातलं. रोशनी उतरून आली ती हात झटकत.

"पप्पा, यामा तेल टाकं का सिमेंट?"

"असं कसं? मी दाबस ते जास ना."

"तुम्ही कितला, मी कितली!"

तेव्हा त्याने विचारलं, "कितलं वजन शे तुन्हं?"

"पोरले वजन इचारतस का कोनी?"

"मी नही इचारी ऱ्हायनू, फोर्क इचारी ऱ्हायना."

"चौपन्न. मम्मीले सांगू नका, तूप पाजी मले."

त्या चौपन्नासाठी हेमकांतने तेल शोधलं. या तेलाचा नंबर जितका लहान तितकं ते पातळ. दहा नंबर घालून बघितलं, ते जड पडलं. साडेसात नंबर इकडे मिळत नव्हतं, म्हणून इंदूरहून पाच मागवलं आणि दहामध्ये अर्धंअर्धं मिसळलं. मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. भाषा नको होती, हात बघायचे होते. फोर्कची रबरं पेट्रोलने धुवायची नाहीत, फुगतात, हे त्याला एक सील वाया घालवून कळलं. तेल ओतल्यावर नळीतला दांडा सावकाश वर-खाली करायचा, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत, आणि मग थांबायचं. घाई केली की तेलाला फेस येतो आणि फेसाला काही धरून ठेवता येत नाही.

कापसाच्या दिवसांत गॅरेजमध्ये फोर्क उघडता येत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॉल्यांचा कापूस उडतो, त्याचा एक तंतू आतल्या भोकात अडकला तरी काम बिघडतं. म्हणून तो स्वयंपाकघरात बसायचा, दार लावून, पंखा बंद करून.

"आते सैपाकघरमा बी गॅरेज?" चेतना म्हणायची. "वरणमा तेल पडनं ते तुम्हीच खा."

"मम्मी, पप्पानं तेल तुन्हा तेलथीन महाग शे," रोशनी म्हणायची. ती समोर पाटावर बसून टॉर्च धरायची. सिरिंजने तेल ओढताना बापलेकी दोघांचेही श्वास थांबायचे.

फोर्क नीट जमला की नाही हे कळायला त्याने एक युक्ती ठेवली होती. वरच्या गुळगुळीत नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. फोर्क दबला की खालची नळी वर येते आणि रिंगला वर ढकलते. फोर्क सुटला की रिंग तिथेच राहते. म्हणजे वाटेवर तो सगळ्यात जास्त किती दबला ते रिंग सांगते. साडेसात नंबरवर रोशनीची रिंग वरच्या टोकाखाली दोन बोटांवर थांबायची. दर रविवारी तिथेच. पायथ्याशी तो आधी रिंग बघायचा, मग पोरीला विचारायचा, "लागनं का कोठे?"

"आधी फोर्कले इचारा," ती म्हणायची.

दसऱ्यानंतर रिंग खाली राहू लागली.

आधी तीन बोटं, मग चार. रोशनी म्हणाली, "पप्पा, फोर्क कडक व्हई गया. हात भरी येतस." हेमकांतने हँडलवर स्वतःचा भार टाकून बघितलं, फोर्क लोण्यासारखा गेला. वर थंडी पडू लागली होती. तोरणमाळला पहाटे गवतावर दहिवर पांढरं दिसतं आणि थंडीत तेल घट्ट होतं, हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं. खाली म्हसावदला मऊ, वर डोंगरात कडक: हिशोब बरोबर लागत होता. त्याने तेल बदललं. पाच नंबर, निव्वळ.

दोन रविवार बरे गेले. मग पुन्हा तेच.

या वेळी त्याने खात्री करून घ्यायची ठरवली. तेलाची बाटली फ्रीजमध्ये ठेवली.

"फ्रीजमा काय शे हाई?" चेतनाने विचारलं.

"तेल."

"फोडनीनं?"

"फोर्कनं."

"दूधना बाजूले? काढा आते!"

"एक रातना सवाल शे."

सकाळी बाटली तिरपी केली तर तेल मधासारखं सावकाश उतरलं. त्याने रोशनीला बोलावून दाखवलं. पाण्याचा तांब्या घेऊनच ती आली, उभ्याउभ्या अर्धा संपवला, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "हाऊच चोर शे मंग." चोर सापडल्याच्या आनंदात दोघंही होते. त्याने अडीच नंबर मागवलं, सगळ्यात पातळ मिळतं ते. आणि पातळीही कमी ठेवली, नळीत हवेला जागा जास्त राहावी म्हणून.

त्या दिवसांत पायथ्याशी उभा असताना कालीबाईने त्याला हटकलं. पायवाट संपते तिथे तिचं घर आहे, रोशनी तिथे थांबून पाणी प्यायची. कालीबाई पावरा, घरात पावरी बोलते, हेमकांतशी जमेल तशी मराठी.

"तुझी पोर लय पाणी पिते. हंडा संपवते."

"डोंगर उतरून येते ना, मावशी."

"डोंगर आम्ही पण उतरतो," कालीबाई म्हणाली. "डॉक्टरला दाखव."

तो हो म्हणाला. त्या वेळी त्याच्या मनात होतं ते हे, की फेब्रुवारीत नाशिकला निवडीची शर्यत आहे, त्याआधी फोर्क बसला पाहिजे. रोशनीचंही मन तिथेच होतं. थकते असं तिने घरात म्हटलं असतं तर चेतनाने सायकलला कुलूप घातलं असतं. म्हणून ती फोर्क कडक आहे म्हणायची. खोटं बोलत होती असं म्हणता येत नाही. वजन उतरलेल्या माणसाला फोर्क कडकच लागतो. तिला हात भरून यायचे ते खरं होतं. तिने खरं सांगितलं, पण ज्याच्याबद्दल सांगायचं होतं त्याऐवजी फोर्कबद्दल सांगितलं. आणि हेमकांतला फोर्कची भाषा इतकी येत होती की दुसरं काही ऐकू आलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी रोशनी खूप उशिरा खाली आली. ओठ पांढरे पडले होते. पण हसत होती.

"दखा," ती म्हणाली.

रिंग वर होती. दोन बोटांवर, जुन्या जागी.

"आते कसा शे?"

"आते मस्त शे, पप्पा."

हेमकांत वाकून बघत राहिला. नळीवर धूळ होती. फोर्क दबतो तेव्हा खालच्या नळीचं रबर वरची नळी पुसत जातं. जिथवर दबला तिथवर नळी चकाकते आणि वर धुळीची रेघ राहते. ती रेघ खाली होती, अर्ध्यावर. रिंग तिच्या खूप वर. मधली नळी धुळीने भरलेली, जशीच्या तशी. म्हणजे फोर्क रिंगपर्यंत गेलाच नव्हता. रिंग कोणीतरी बोटाने वर सरकवली होती.

हे त्याने बघितलं. बघितलं आणि खिशातलं फडकं काढून नळी पुसून टाकली.

असं का केलं, ते तो अजून धड सांगू शकत नाही. इतक्या रविवारांनंतर रिंग वर आली होती. पोर खूश होती. धूळ कशीही बसते, वारा असतो, जीप गेलेली असते. फडकं हातात होतंच. नंतर, त्या दिवशी वाटेवरच असलेल्या कालीबाईने सांगितलं की रोशनी सायकल चालवत उतरलीच नव्हती; वरच्या वळणापासून हँडल धरून पायी आली, दोनदा दगडावर बसली.

संक्रांतीनंतर नात्यात एक लग्न होतं. दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. लग्नातलं जेवण बाधलं असं सगळ्यांनी धरलं, कारण उमाकांतच्या घरीही एकाचं पोट बिघडलं होतं. दिवस ओवा आणि लिंबू-सरबतात गेला. संध्याकाळी ती खोल खोल श्वास घेऊ लागली, चढ चढून आल्यासारखा, पडल्या जागी. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. तेव्हा गाडी काढली.

शहाद्याच्या दवाखान्यात नर्सने तिला धरून काट्यावर उभं केलं. चेतनाने दुसऱ्या बाजूने आधार दिला होता, नर्सने तो सोडायला लावला.

"एकोणचाळीस," नर्स म्हणाली.

"मशीन खराब शे," हेमकांत म्हणाला.

नर्सने लक्ष दिलं नाही. रोशनीला खाटेवर नेलं. काटा मोकळा झाला तेव्हा हेमकांत त्याच्यावर चढला. चपला काढून. त्याचं वजन अठ्ठ्याहत्तर, अलीकडेच कापसाच्या अडतीवर मोजलेलं. काट्याने अठ्ठ्याहत्तर दाखवलं. तो उतरला, पुन्हा चढला.

आत बोटातून रक्त घेतलं होतं. साखर मोजायच्या यंत्रावर आकडाच येत नव्हता, इतकी ती जास्त होती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाईन लावायला सांगितलं, नंदुरबारला फोन लावायला सांगितला आणि मग दोघांकडे वळले.

"मुलीला मधुमेह आहे. लहान वयात होतो तो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"पाणी जास्त पीत होती? वारंवार लघवीला जायची?"

हेमकांतला कालीबाईचा हंडा आठवला.

"वजन कधीपासून उतरतंय?"

हेमकांतला माहीत होतं. त्या दवाखान्यात दुसऱ्या कोणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती इतकं नेमकं माहीत होतं. दसऱ्यानंतर सुरू झालं. निव्वळ पाच नंबर घातलं तेव्हा थोडं उतरलं होतं, अडीच घातलं तेव्हा खूप. सगळ्या तेलांचे नंबर त्याच्या डोक्यात एकामागून एक उभे राहिले आणि त्याला दिसलं की ते तेलाचे नंबर नव्हतेच. डॉक्टर वाट बघत होते. शेजारी चेतना उभी होती, पदर तोंडात धरून.

"माहीत नाही," तो म्हणाला.

चेतनाही काही बोलली नाही. तिला खरंच माहीत नसेल असं त्याने धरलं.

नंदुरबारला नेईपर्यंत रोशनी शुद्धीवर होती. ॲम्ब्युलन्सच्या हेलकाव्यात तिने एकदा डोळे उघडले. "पप्पा, ह्याना शॉकप गयात," ती म्हणाली. "हा बेटा, गयात," हेमकांत म्हणाला. त्यानंतर ती बोलली ते पाण्याबद्दल. मेंदूला सूज आली असं डॉक्टरांनी सांगितलं. शक्य होतं ते सगळं त्यांनी केलं, हे हेमकांत आजही कोणी विचारलं तर सांगतो. आधी आणलं असतं तर, असं एकदा एक डॉक्टर म्हणायला गेले आणि थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

गावात लोक बरंच बोलले. सायकलने जीव घेतला म्हणाले, डोंगरातलं काही लागलं म्हणाले. उमाकांत म्हणाला की नशिबात होतं, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. हेमकांतने यातलं काही खोडलं नाही. गॅरेज महिनाभर बंद होतं. मग मोटारसायकली येऊ लागल्या, मग शहाद्याच्या सायकलवाल्या मंडळींचे फोर्क. पहिला फोर्क आला तेव्हा तो बाजारात जाऊन काटा घेऊन आला.

रोशनीची सायकल माळ्यावर गेली. फोर्कमध्ये अडीच नंबर तसंच आहे. ते काढायला हवं. उभ्या फोर्कमध्ये तेल खाली बसतं आणि वरची रबरं कोरडी पडून चिरतात. त्याला हे माहीत आहे. तो वर जात नाही.

आणि डॉक्टरांपुढे जे बोलला ते तसंच राहिलं. नवराबायको एका घरात, एका ताटलीतली चटणी वाढून घेत, शेतातलं, पाहुण्यांचं बोलत. एवढ्या काळात चेतनाने त्याला एक प्रश्न विचारला नाही. ती बिचारी अजाण आहे, तिला सांगितलं तर तिला नवऱ्यासोबत राहता येणार नाही, असं तो समजून चालला होता. रात्रीच्या जेवणाआधी रोज तोंडाशी यायचं आणि तो पाणी मागायचा.

हिलाल सरांचा फोर्क त्याने याच आठवड्यात स्वयंपाकघरात उघडला. ट्रॉल्या चालू आहेत, कापूस उडतो आहे. दुपारची वेळ, दार लावलेलं, पंखा बंद. सिरिंज भरून घेतली होती. समोर टॉर्च धरायला कोणी नाही म्हणून त्याने ती डब्यांना टेकवून ठेवली होती, आणि ती सारखी घसरत होती.

चेतना आत आली. हातात कपड्यांचं बोचकं होतं. तिने टॉर्च सरळ केली, भिंतीला टेकून बसली आणि बोचकं सोडलं. रोशनीचे कुर्ते होते.

"कालीबाईनी नात वसतिगृहमा जाई ऱ्हायनी," ती म्हणाली. "तिले देस म्हनत. पडेल शेतच."

"दे."

तिने एक कुर्ता उलटा केला आणि ब्लेडने बगलेखालची शिवण उसवू लागली. हेमकांतने दांडा सावकाश वर-खाली केला. तेलातून बुडबुडे येत होते. त्याला वाटलं की कुर्ता फाटला असेल.

"काय शे? फाटना का?"

"नही." तिने वर बघितलं नाही. "आत लेयेल शे. दिवाळीले एक डाव, मंग आखो एक डाव. ढिला व्हई ऱ्हायना म्हने ती. आते अशीच फॅशन शे म्हने, तंग घालतस. मी मशीनवर बसनू आनि टीप मारी दिन्ही."

तिने दोन्ही टिपा दाखवल्या. एकीच्या आत दुसरी, दोन रंगांच्या दोऱ्यांच्या.

"डॉक्टर इचारी ऱ्हायनात तवय मले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही नही म्हाईत म्हननात. मंग मी बी गप्प बसनू. म्हनं, ह्या मानूसले तरी नको कळाले."

हेमकांतचा हात दांड्यावर थांबला. मग तो बोलला. फोर्क, तेल, फ्रीजमधली बाटली हे चेतनाला थोडंथोडं ठाऊक होतं. रिंगचं ठाऊक नव्हतं. ते त्याने सांगितलं. धुळीची रेघ कुठे होती ते हाताने दाखवलं. फडकं कोणत्या खिशातून काढलं तेही सांगितलं, जसं काही ते लागणार होतं.

"तिनीच सरकाडी," तो म्हणाला. "बोटघाई. मले दिसनं. मी पुसी टाकं."

चेतनाने ब्लेड खाली ठेवलं. तिच्या मांडीवर उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे पडले होते. बाहेरून कापसाची ट्रॉली गेली, भांडी थरथरली.

"कितलं पातळ व्हतं?" तिने विचारलं. "शेवटलं."

"पानीसारखं."

तिने मान हलवली. रडली नाही, त्याला वाटलं होतं तशी उठून गेली नाही, जवळही आली नाही. कुर्ता उजेडाकडे धरून तिने बघितलं. दोन्ही टिपा निघाल्या होत्या, कापडावर भोकांच्या दोन रांगा तेवढ्या राहिल्या होत्या.

"इतलामा नही व्हवाव तिले," चेतना म्हणाली. "कालीबाईनी नात आंगे भरेल शे." आणि तिने ब्लेड घेऊन शिंप्याने घातलेली मूळची शिवणही काढायला घेतली.